हौदात आलेली हळद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वाळत घातलेल्या कुरडयांसारखं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्याही घरी गेले की पितळी थाळीत पाणी घेऊन ती जमिनीवर ठेवत. मग एक डोळा मिटून बघत आणि सांगत, "तुमचं घर न्हाणीकडं कललंय." एकदा पेठेतल्या एकाने मुलगी बघायला त्यांना बरोबर नेलं. पोहे आले, मुलगी आली, आणि तात्या माजघरात पालथे पडून उंबरठा बघतायत! मुलीचा बाप घाबरला. "आवं, काय हरवलं का?"

"न्हाई. पोरगी झ्याक हाय. पर पानी तुमच्या चुलीत जातंय."

लग्न जमलं, पण तात्यांना पुन्हा कुणी नेलं नाही.

तात्या लष्करात पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. साताऱ्याला आमच्या भिंतीला लागून एका खोलीत राहत. त्यांचं सगळं चित्त पठारावरून शहरात येणाऱ्या जुन्या दगडी पाटात. तो डोंगराच्या कडेकडेने येतो, कुठे उघडा, कुठे जमिनीखाली. जमिनीखाली आहे तिथे हवा खेळावी म्हणून दगडी धुराड्यासारखे उसासे बांधलेत. गावात कुणी निवडणुकीचं काढलं, उसाचं काढलं, तरी तात्यांचं एकच, "ते ऱ्हाऊ द्या गड्या, उताराचं बोला."

आमच्या पेठेतल्या हौदात करंगळीएवढी धार येई. ती झऱ्याची, असं सगळे म्हणत. तात्या म्हणत, पाटाचा एक बुजलेला फाटा अजून जिवंत आहे, त्याची ही धार. फाटा साफ केला तर हौद भरून वाहील. दुष्काळ नुकताच सरला होता, कळशीसाठी भांडणं अजून होती, तरी कुणी मनावर घेईना. तालमीतले पैलवान चिडवत, "तात्या, समुद्रात पानी बी तुमच्याच पाटानं जातंय म्हनं!"

माझे मालक कुपवाडला कारखान्यात होते. महिन्यातून एकदा येत. तात्यांनी त्यांच्याकडून सांगलीच्या बाजारातली हलकी हळद पोतंभर मागवली आणि स्वतः कुटली. पठारावर पाटात हळद टाकायची. हौद पिवळा झाला की पाट खरा.

"पोरी, तू हौदावर बस," मला म्हणाले. "एका उसाशाला एकच मूठ टाकनार हाय मी. पानी लिंबाच्या सरबतावानी दिसंल, बास. तांदळातला खडा दिसतो तुला, तुलाच कळंल."

"आवं तात्या, वर धुकं लय हाय. एकटं जाऊ नगा."

"धुकं काय चावतंय व्हय? उताराचं बोल." पोतं खांद्यावर टाकून गेले.

मी पदर सावरून हौदावर बसले. येणारी-जाणारी बाई टोमणा मारून जाई. समोरची आक्का म्हणाली, "काय गं, हौदाचं लगीन हाय का आज?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी काळजी वरच्या धुक्याची होती. पठार दिसतच नव्हतं.

दुपार कलली आणि धार पिवळसर झाली. अगदी सरबतासारखी. आक्का ओरडली, "आलं गं बया!" बघता बघता पाणी दाट झालं, आमटीसारखं, मग गाठीच यायला लागल्या. बाया एकमेकींच्या गालाला हळद फासू लागल्या. पैलवान धावत आले. "तात्या जितलं रं!"

मी ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. एक मूठ म्हणजे एकच मूठ टाकणारा माणूस तो. हे अख्खं पोतं होतं.

"आक्का, आवं, पोतं पडलंय."

"पडंना का! हळदीला काय तोटा?"

"पोत्यासंगट तात्या बी पडलं असतील!"

गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. त्या पेठेत मी परपुरुषाशी कधी बोलले नव्हते. तशीच हौदाच्या कठड्यावर चढले आणि जीव खाऊन ओरडले, "तात्या पाटात पडल्यात! पळा की!"

पैलवान दोर आणि घोंगडी घेऊन पळाले. बायांनी गालावरची हळद पदराने पुसली. मी पुन्हा धारेपाशी बसले. पिवळ्या पाण्यात कुठे लाल दिसतंय का, ते बघत. आक्काही येऊन बसली, माझा हात धरून.

दिवे लागायच्या वेळी त्यांना घोंगडीतून आणलं. ढासळलेल्या उसाशातून आत पडले होते, पाय मोडलेला. नखशिखांत पिवळे. एक पैलवान रडू आवरत म्हणाला, "तात्या, नवरदेव दिसताय की!"

"हौद?" तात्यांनी विचारलं.

"पिवळाधमक हाय तात्या. उद्याच फाटा साफ कराय घेतो आमी."

हाडवैद्याला बोलवायला माणसं गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा तात्या हळूच म्हणाले, "आदी लय हाका मारल्या गं. मग वाटलं, कशाला वरडतोयस? घरात कोन हाय तुजी वाट बगनारं? डोळं मिटून पडलो. आन् एकदम ध्यानात आलं, पोरगी हौदावर बसलीया." त्यांनी आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघितलं. "मग पोतं मीच फाडलं."

मी उठून चूल पेटवली. त्यांचे हात धुवायला पाणी तापत ठेवलं.