खोड सांगणारं मशीन

शकीलाखाला टमाटे घ्यायला गेली की भाव विचारत नाही. "याच्यात खराब काय हाय, ते सांग पयले," म्हणते. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात नवा भाजीवाला असला तर भांडायला उठतो. जुने मुकाट्याने सांगतात, "खाला, खालचे चार नरम हायेत." मग ती तेच नरम चार सोडून बाकीचे घेते, वर दुवा देते.

आमच्या शेजारी ती ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नाही. गिऱ्हाईक आलं की स्वतःची खोडही आधीच सांगून टाकते, "माही बाही जराशी तंग होते, मंग म्हनू नको." भाचीला पाहायला मुलगा आला तेव्हा पोह्यांची बशी त्याच्या हातात देण्याआधीच हिने विचारलं, "बेटा, तुही खोड काय?" पाहुणे गारठले. मुलगा घाबरून म्हणाला, "मी घोरतो." खालाने तिथल्या तिथे सोयरीक पक्की केली. "घोरतो म्हनते, म्हंजे खोटं नाही बोलत."

अशा बाईला घेऊन मी प्रिंटर घ्यायला गेले.

घेऊन गेले म्हणजे, ती आली. गावातल्या झेरॉक्सवाल्याचं मशीन बिघडलेलं, आणि माझ्या गौरीचा 'फुलांचे भाग' हा प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. मागच्या वेळी उशीर झाला म्हणून पोरीला वर्गात उभं केलं होतं. शनिवारी शाळा, जेवण उरकून दुपारी उशिरा आम्ही मायलेकी वाशीमच्या बसमध्ये चढलो, तर खाला आधीच खिडकीशी बसलेली. "मशीन घ्यायले चालली अन् एकलीच? काहून?"

वाशीमच्या दुकानात पोचेपर्यंत दिवस कलला होता. परतीची शेवटची बस गाठायची होती. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त प्रिंटर पुढे ठेवला.

"स्वस्त काहून हाय?" खाला.

"मावशी, ऑफर आहे."

"ते नाही इचारलं. खोड सांग."

त्याने मान खाजवली. शाईची डबी लवकर संपते, म्हणाला. डबीची किंमत ऐकून मीच प्रिंटर मागे सरकवला.

"म्हंजे म्हैस फुकट अन् सरकीची ढेप सोन्याची! दुसरं दाखव."

दुसरा फक्त काळं छापणारा. एकदा भरलं की खूप दिवस चालतं, म्हणाला. खाला म्हणाली, "अन् पोरीनं मास्तरले काळी जास्वंद दाखवावी काय?" तिसरा टाकीवाला. बाटलीतून शाई ओतायची, पानं भरपूर निघतात. किंमत जरा जास्त, पण मी मनातल्या मनात जमवत आणली होती. गौरीचा चेहरा खुलला.

"याची खोड?"

"याच्यात काहीच नाही, मावशी."

खाला उठली. "चाल वंदे. ज्याच्यात खोडच नाही, ते सामान मी घरात येऊ देत नाही."

"आई, बस जाईल!" गौरीचा आवाज रडवेला झाला. दुकानदार काउंटर आवरायला लागला. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर मला बंद करू द्या." माझं डोकं तापलं. "खाला, बस करा आता! घर माझं आहे, पोरगी माझी आहे!"

इतक्या वर्षांत मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. खालाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नमुन्याच्या पानावर छापलेल्या जास्वंदीवर तिने ओलं बोट फिरवलं. लाल रंग पानभर पसरला.

दुकानदाराचा धीर सुटला. "हो, पाणी लागलं की पसरते! आणि पडून राहिलं तर शाई सुकते, आतली बारीक भोकं बुजतात. आठवड्याला एखादं रंगीत पान काढावंच लागते. झालं समाधान?"

खाला खुर्चीत टेकली. "आता बोलला मानसावानी. हेच दे."

स्टँडवर पोचलो तर बस फाटकातून निघालेली. गौरी खोकं कवटाळून थिजली. खाला सरळ बससमोर जाऊन हात वर करून उभी राहिली. गाडी करकचून थांबली, ड्रायव्हरने शिव्या घातल्या. चढताना ती त्याला म्हणाली, "ब्रेक चांगला हाय तुह्या गाडीचा."

सगळी बस हसली. मी हसले नाही. घर येईपर्यंत मी तिच्याशी बोललेच नाही.

रविवारी प्रिंटर जोडला. पहिलं पान कोरं. दुसऱ्यावर नुसत्या रेघा. गौरी नखं खाऊ लागली. फाटकापाशी खाला उभी होती. एरवी हाक मारत थेट चुलीपर्यंत येणारी बाई, आज बाहेरूनच विचारत होती, "निघालं काय वं?"

मी मशीनकडेच तोंड ठेवून पुन्हा बटण दाबलं. मशीन कण्हलं, थांबलं, आणि पान हळूहळू बाहेर सरकलं. लालभडक जास्वंद, पुंकेसरासकट. गौरी ते पान घेऊन आधी फाटकाकडे पळाली, माझ्याकडे नाही.

प्रकल्प वेळेवर गेला. उन्हाळ्यात गौरी मामाकडे अकोल्याला गेली आणि खाला दर बाजाराच्या दिवशी दारात. "शाई सुकन. काढ एक पान."

"काय काढू? पोरगी इथे नाही."

"तिचंच काई जुनं काढ."

मी नद्यांचा नकाशा काढला, कधी फुलपाखरू, कधी तिचा शेळीवरचा निबंध चित्रासकट. खाला पान घडी न करता पदराखाली धरून न्यायची. पुसायला वगैरे लागत असेल, असं मला वाटलं.

मे संपता संपता ब्लाउजचं माप द्यायला मी पहिल्यांदाच तिच्या घरात शिरले. एरवी कपडे तीच आणून द्यायची. शिलाई मशीनच्या मागची चिंचोळी भिंत पानांनी भरली होती. नकाशा, फुलपाखरू, शेळी, कणकेच्या खळीने नीट चिकटवलेली, कोपरेसुद्धा सरळ.

खाला टेप शोधायला लागली. तो तिच्या गळ्यातच होता.

"गिऱ्हाईक इचारते," ती खाली पाहत म्हणाली, "घरात कोन शिकते. मी म्हनतो, आमची गौरी. कोनाची, ते कोनी इचारत नाही."

माझ्या दंडाला टेप गुंडाळताना तिची बोटं थंड लागली. खिडकीजवळ भिंतीचा एक तुकडा कोरा होता.

"तिथे काय लावणार, खाला?"

"पोरगी येऊ दे," ती म्हणाली. "तिलेच इचारू."