कुडपणचं एक टन

दादर पश्चिमेच्या एका साडीच्या दुकानाची पिशवी. आतली बाजू बाहेर काढलेली.

लक्झरी बसच्या टपावर सव्वीस गोण्या आणि एक कोंबडा.

वजनकाटा, नवा. पहिले पंधरा दिवस त्यावर फक्त एक मांजर बसत असे. वजन दोन किलो नऊशे.

"समिंदर कुठं हाय, त्यो आधी मला दाव." ठमाबाई. वय विचारलं तर "लय."

कासव.

गोंधळू नका! हे सगळं एकाच प्रकरणातलं आहे आणि त्या प्रकरणाचा कर्ता-करविता मी!

समुद्र मी वाचवणार होतो, मंडळी. महाडच्या एमआयडीसीत, पंख्याखाली बसून!

आमची कंपनी बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवते. २००३ साली आमच्या मुंबईच्या मोठ्या साहेबांना कुठल्याशा परिषदेत कळलं, की समुद्रातल्या कासवांच्या पोटात झाकणं सापडतात. साहेब परत आले ते कासवासारखंच तोंड करून. म्हणाले, "शरद, आपण काहीतरी केलं पाहिजे. खर्चाची काळजी नको."

मी म्हटलं, "सर, उगमापाशीच अडवू!"

हे वाक्य मला कसं सुचलं, अजून कळलेलं नाही. पण साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग काय! मी प्रोजेक्टरवर बाण काढला. कुडपण, तिथून सावित्री, तिथून महाड, तिथून बाणकोटची खाडी, तिथून कासव. पोलादपूर तालुक्याच्या डोंगरमाथ्यावरच्या कुडपणचा ओढा नक्की कुठल्या नदीला मिळतो, हे मी पाहिलं नव्हतं. पण बाण काढल्यावर पाण्याची काय हिंमत आहे दुसरीकडे जायची!

योजना अशी : कुडपणनं पावसाच्या आत एक टन प्लास्टिकचा कचरा द्यायचा. दिला, की कंपनी गावाला पाण्याची टाकी बांधून नळ बसवून देणार. नाही दिला, तर टाकी हायवेवरच्या गावाला.

आता ही टाकी म्हणजे गंमत नव्हती. मे महिन्यात कुडपणच्या बायका विहिरीच्या तळाशी उतरतात आणि वाटीनं हंडा भरतात. एका हंड्याला पाऊण तास. टाकीचं नाव काढल्याबरोबर देवळातली सगळी सभा एकदम सरळ बसली.

"सायेब," सरपंच सहदेव उठला, "कचरा म्हंजी कंचा?"

"प्लास्टिकचा. तुम्ही टाकून देता तो."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. टाकून? मी मदतीला धावलो. "समजा, दुधाची पिशवी..."

"ती धुऊन त्यात बियानं ठेवतो."

"खताची गोणी?"

"तिचं इरलं. पावसात डोक्यावर."

"बरं, तेलाचा कॅन! तो फुटतो की नाही?"

"फुटतो. मंग उभा कापायचा. कोंबड्यांना पानी."

"आणि तोही फुटला, की?"

ठमाबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "अरे बाबा, मंग त्यो छपराच्या भोकावर!"

मी हसून सांगितलं, की शोधलं की सापडतं. आणि काटा तिथंच ठेवून महाडला आलो.

तिसऱ्या आठवड्यात काटा अकरा किलोवर गेला! मी पेढे आणायच्या बेतात होतो, एवढ्यात ठमाबाईंची सून दर्शना धावत आली. "आत्या गो, माजी बादली!" तिनं ढिगातून एक धडधाकट निळी बादली उपसून काढली. काटा सव्वादहा. मग शेजारणीनं आपलं घमेलं ओळखलं. काटा साडेनऊ. आणखी थोडा वेळ थांबलो असतो, तर मांजरच उरलं असतं.

"सायेब," सहदेव म्हणाला, "गावातली समदी म्हातारी काट्यावर बसवली, तवा कुठं टन व्हईल. ती घेता का?"

"ते जैविक आहे," मी म्हटलं.

जाता जाता त्यानं सहज विचारलं, "ह्यो माल पुढं जातो कुठं?"

"कुर्ल्याला! तिथं एक गोदाम आहे. वितळवून पुन्हा वापरतात. त्यांचाच ट्रक येणार." मी अभिमानानं गोदामाचा पत्ताही दिला. मंडळी, इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

सहदेवनं पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून मुंबईला मंगेशला फोन लावला. मंगेश म्हणजे गावाच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. कुडपणचं अर्धं गाव मुंबईत राहतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या सल्ल्यानं चालतं. त्याच रविवारी परळला सभा भरली. वहीची ती पानं मी नंतर डोळ्यांनी पाहिली :

*ठराव तिसरा. मे महिन्यात गावी येणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाने किमान दहा किलो प्लास्टिक आणावे. जो आणणार नाही, त्याच्या घरी पुढील शिमग्यात पालखी सर्वांत शेवटी जाईल. टाळ्यांच्या गजरात मंजूर.*

पालखी शेवटी! या धमकीपुढे कुणाची बिशाद! चाळीच्या चाळी धुंडाळल्या गेल्या. कुणी ऑफिसच्या टोपल्या उपसल्या, कुणी लग्नाच्या हॉलबाहेर रांग लावली. मग सगळं गावाकडच्या लक्झरी बसच्या टपावर चढलं, कुणाच्याशा कोंबड्यासकट.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी वर गेलो, तर देवळाशेजारी डोंगर! पिशव्या, बाटल्या, खुर्च्यांचे पाय, सलाइनच्या नळ्या! सातशे किलो! मला गहिवरून आलं. ढिगापुढे उभा राहून मी फोटो काढून घेतला, हात कमरेवर.

फोटो धुऊन आला. माझी बायको सुनीती महाडच्या शाळेत शिकवते. चुका शोधायची तिला पगारी सवय आहे. तिनं चष्मा लावला.

"अहो, कुडपणला साडीचं दुकान कधी निघालं?"

"कुठलं साडीचं?"

"तुमच्या डाव्या कोपराशी. 'दादर पश्चिम, स्टेशनसमोर.'"

मी फोटो खिडकीशी नेला. कोपराशी दादर, गुडघ्याशी लालबाग, आणि डोक्याच्या बरोब्बर मागे 'भायखळा' अशी अक्षरं प्रभावळीसारखी!

दुसऱ्या दिवशी वर पळालो. साहेब परवा येणार होते! मंगेश गावातच होता, गॉगल लावून ढिगावर देखरेख करत.

"काय सर! टोटल मॅनेज केलंय. आता पूर्ण टन हाय!"

"मागच्या खेपेला तर सातशेच होतं!"

"शॉर्ट पडत होता ना, तर तुमच्या त्या कुर्ल्याच्या गोदामात गेलो. शेठला बोललो, तीनशे किलो उसना द्या. तुमचाच ट्रक आठ दिवसांत रिटर्न आणणार हाय. शेठ बोलला, ले जाव."

"उसना?"

"शेजारून साखर आणतो की नाय, तसा."

मी देवळाच्या पायरीवर बसलो. सांगून टाकावं का साहेबांना? तेवढ्यात दर्शना विहिरीकडून आली. डोक्यावर हंडा, पायाला चिखल, सकाळपासूनचा दुसराच हंडा. "टाकी येनार ना सायेब?" एवढंच बोलली आणि गेली.

मी उठलो. गळा साफ केला आणि आयुष्यातला सर्वांत हुशार हुकूम दिला : "पिशव्या उलट्या करा!"

अख्खं गाव बसलं! आजोबा, सुना, पोरंटोरं, मुंबईहून सुट्टीला आलेली माणसं. प्रत्येक पिशवीत हात घालायचा आणि कोंबडी सोलावी तशी ओढायची. दादर आत, लालबाग आत, भायखळा आत! दोन दिवस डोंगरावर नुसती सळसळ. गुरं बिथरली.

साहेब आले. नारळ, हार, ढिगापुढे मौन. "शरद," त्यांचा आवाज जड झाला, "एवढ्याशा गावातून एवढा कचरा! हे सगळं समुद्रात गेलं असतं!"

"उगमापाशीच अडवला, सर!"

एवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि खालच्या गोण्यांवर थाप मारली. गोण्या उलट्या करायच्या राहिल्या होत्या!

"अरे, हा तर आमचाच माल! गाठसुद्धा माझ्या हातची हाय! गेल्या हप्त्यात मीच गोदामात गोण्यांत बांधला. इथं कसा आला?"

मंगेशनं गॉगल काढून पुसायला घेतला. साहेबांनी जवळची एक पिशवी उचलली आणि हळूच आत बोट घालून उलटवली. दादर पश्चिम, स्टेशनसमोर.

"शरद?"

मी कोंबड्याकडे बघितलं. त्यानंही मान फिरवली.

तेव्हा ठमाबाई पुढं आल्या. "सायेब, त्याला काय विचारता? म्या सांगते. ह्यो कचरा ममईत व्हता. समिंदराच्या दारात! आमी तिथनं उचलला, गाडीवर घातला, घाट चढवून हितं आनला. आता समिंदरापासनं ह्याच्यापरास लांब कुठं न्यायचा, त्ये तुमी सांगा!"

साहेबांनी चारी बाजूंना बघितलं. सगळीकडे डोंगरच.

"पन मावशे," ड्रायव्हर म्हणाला, "आता परत ममईलाच चाललाय की!"

"त्यो तुमी नेताय! आमी न्हाय!"

साहेब हसायला लागले. एवढं, की त्यांना पाणी द्यावं लागलं. तांब्यात पाणी अर्धंच होतं. ते त्यांनी बघितलं आणि हसणं थांबवलं. म्हणाले, "टाकी पावसाआधी बसव."

टाकी आली. तीन हजार लिटरची, काळी, प्लास्टिकची. ठमाबाईंनी तिच्यावर बोटानं टकटक केलं.

"शरदसायेब, हिचं वजन किती?"

"का हो, ठमाबाई?"

"पुढच्या वर्सी टन मागितलात, तर बरी पडंल!"

नळाला पाणी आलं. साहेबांनी कंपनीच्या अंकात माझ्यावर अर्धं पान लिहिलं, बाणासकट. कुडपणची माणसं मला अजून 'उलटे सायेब' म्हणतात. सुनीतीही म्हणते. फक्त ती चारचौघांत म्हणते.

जानेवारीत, योजना लिहायच्या आधी, मी पाहणीसाठी कुडपणभर दिवसभर फिरलो होतो. सापडलेला एकूण प्लास्टिक कचरा : चाळीस ग्रॅम. एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांच्या दोन पुड्यांचे कागद. तिन्ही मीच टाकले होते.