फिकट ताऱ्याची काच

"ज्या कामाला लोकांना घुमटाएवढी यंत्रं लागतात, ते मी पावसाच्या पन्हळीत करून दाखवतो!"

घिवलीच्या शाळेतले कमलाकांत मास्तर १९६५ सालच्या डिसेंबरात हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणत. आणि पन्हळ खरोखरच होती! एका टोकाला भिंग, मध्ये झुंबराचा लोलक, दुसऱ्या टोकाला फोटोची काच. डोळ्यांना न दिसणारा एक फिकट तारा त्यांनी हेरला होता. त्याचा उजेड लोलकातून फाकवून काचेवर घ्यायचा, म्हणजे तो कशाचा बनलाय हे त्यातल्या काळ्या रेघा सांगणार!

घाई एवढ्याचसाठी, की सोमवारपासून अणुवीज केंद्राच्या बांधकामावर रात्रपाळीचे मोठे दिवे लागणार होते. मग कसले फिकट तारे!

चार रात्री, एकूण नऊ तास, मास्तर कानटोपी घालून हाताने स्क्रू फिरवत तारा जागेवर धरून बसले. चारही रात्री काच तीच, म्हणजे थोडा थोडा उजेड तिच्यावर साठत जाणार. रविवारी सकाळी ती काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली आणि पालघरच्या फोटोवाल्याकडून काच धुवायचं औषध आणायला निघाले. दारात घरमालकीण नवसीबाय भेटली. ऐकणारं माणूस मिळाल्यावर मास्तरांचा पाय निघेल कसा?

"डब्यातल्या काचेवर तारा आहे, नवसीबाय!"

"दिसतो काय?"

"आत्ता नाही. आधी काच धुवायची, मग सुकवायची. मग दिसतो!"

"म्हंजे आमच्या बोंबलासारखंच की!"

"अगदी तस्संच!" म्हणत मास्तर बसकडे धावले.

संध्याकाळी औषधाची बाटली छातीशी धरून परतले, तर नवसीबायच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न पार पाडल्याचं समाधान!

"मास्तर, तुमचं काम मीच उरकलं!"

"कुठलं?"

"काच! इहिरीच्या पाण्यानं दोनदा धुतली, बोंबलाशेजारी उन्हात टाकली. दुपारी उलटी पण केली, दोनी अंगांना ऊन नको लागाय?"

मास्तरांनी काच उचलून पाहिली. राखेसारखी करडी, कोपऱ्यात कसलासा खवला चिकटलेला.

"दिसला काय तारा?" तिनं आशेनं विचारलं.

"दिसला. सूर्य."

रागवायचं कुणावर? मास्तरांनी मनात दोन बाजू मांडल्या. सांगितलेली दोन्ही कामं तिनं चोख केली होती. 'उजेड लागू द्यायचा नाही' एवढंच पाळायचं राहिलं, पण ते तिला सांगितलं होतं कुणी? ती चूक सरळ मास्तरांच्या नावावर पडली. आणि तारा पन्हळीत सापडायचा रात्रीचे जेमतेम सव्वादोन तास; उरलेल्या एका रात्रीत नऊ तास कुठून आणायचे?

सोमवारी तिन्हीसांजेला दिवे लागले. सारं गाव किनाऱ्यावर आलं. आभाळ सायीसारखं पांढरट! नवसीबाय खुशीत मास्तरांपाशी आली.

"बरं झालं ना, मास्तर! आमची होडी आता रातीची नीट लागंल. आनि तुमचा तारा काय, कुठं पळतोय? उद्या बघा!"

"हो," मास्तर म्हणाले, "उद्या."