कांताबाईंचे दहा श्वास

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सीताराम म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे," आणि कांताबाई त्यावर काहीही बोलल्या नाहीत.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. या वाक्याला "मग उद्यापासून तुम्हीच करा" पासून पुढे पाच-सहा ठरलेली उत्तरं होती आणि सीताराम त्यांच्या तयारीत बसले होते. कांताबाईंनी मात्र त्यांच्या शर्टाच्या पहिल्या बटणावर नजर रोखली. नाकाने सावकाश श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

"तसं फार कमी नाही," सीताराम म्हणाले. "चालेल."

एरवी त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली नसती. पण त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या खाली, एक फॉर्म घडी घालून ठेवलेला होता. चाळिशीपुढच्या महिलांच्या बॉक्सिंग स्पर्धेचा. तो कल्याणच्या कार्यालयात शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा होता. सीताराम कामाला कल्याणलाच जात, म्हणून कांताबाईंनी तो रविवारी त्यांच्या हाती दिला होता. सोमवारी घरी आल्यावर सीतारामांनी "दिला" म्हणून सांगितलं. फॉर्म बॅगेतच होता.

कांताबाई सत्तेचाळीस वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी मुलीला, प्रीतीला, सोबत म्हणून विठ्ठलवाडीच्या बॉक्सिंग क्लासला जाऊ लागल्या. प्रीतीने दोन महिन्यांत क्लास सोडला, कांताबाई राहिल्या. सीताराम एकदाच तिथे डोकावलेले. नेमका त्याच वेळी कांताबाईंच्या नाकावर ठोसा बसला आणि सीतारामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. फॉर्म बॅगेत राहिला तो त्या ठोशामुळे.

कांताबाईंच्या गप्प बसण्याचं कारण अगदी वेगळं होतं. त्यांचे प्रशिक्षक उत्तम सर त्यांना म्हणाले होते, "ताई, हात चांगला आहे, डोकं लवकर तापतं. शुक्रवारपर्यंत घरात कोणी डिवचलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. नजर समोरच्याच्या गळ्याखाली, खांदा हलतो तो तिथून दिसतो. दहा श्वास मोजायचे, मग बोलायचं. मध्येच तो काही बोलला तर पुन्हा एकपासून. आणि घरी सांगू नका, नाहीतर सगळे जपून वागतील."

अडचण एवढीच होती, की सीतारामांना समोरच्याचे दहा श्वास होईपर्यंत गप्प बसता येत नसे.

मंगळवारी त्यांनी मुद्दाम विषय काढला. "तुझ्या त्या महिला मंडळाचा काही उपयोग आहे का गं?" कांताबाईंनी बटणाकडे बघितलं. सहाव्या श्वासाला सीताराम म्हणाले, "म्हणजे, आहे. मी असंच विचारलं."

बुधवारी ते शेजारच्या बाबुरावांकडे गेले. बाबुराव निवृत्त हवालदार.

"वहिनी विपश्यनेला जाऊन आल्यात का?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही हो. कामाचं बोलते. वादाचं काही काढलं की गप्प. आणि इथे बघते, गळ्याखाली."

बाबुराव खुर्चीत पुढे सरकले. "सीताराम, आम्ही चौकीत हेच करायचो. संशयिताला बसवायचं, चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. जे आपल्याला ठाऊक असतं तेच ऐकायचं असतं त्याच्या तोंडून. तुम्ही काय केलंय?"

"मी? काही नाही."

"सगळे हेच म्हणतात."

सीताराम घरी आले. कांताबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसल्या. सीतारामांनी एक घोट घेतला.

"चहा गार आहे," ते कसेबसे म्हणाले.

एक श्वास. दोन. तीन.

"बरं, मी स्टेशनबाहेर वडापाव खातो. रोज. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून जास्तच."

कांताबाईंनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"दोन खातो," सीताराम म्हणाले.

गुरुवारी त्यांनी कबूल केलं, की मिक्सरचं भांडं प्रीतीने नाही, त्यांनीच फोडलेलं. शिवाय खडवलीच्या मेहुण्याला "कांताला बरं नाही" असं कळवून त्याचं येणं टाळलं होतं, तेही त्यांनीच. कांताबाईंचे श्वास आता जरा मोठे यायला लागले होते. प्रीती दारात उभी राहून ऐकत होती.

"पप्पा, तुम्हाला कोणी काही विचारलंय का?"

"तू गप्प बस. तिला सगळं माहितीय."

शुक्रवारी सीताराम अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. पावणेचार वाजता त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला.

"हा मी दिलेला नाही. तुला आधीच कळलंय, मला माहितीय. तुझ्या नाकाला काही झालं असतं तर मला बघवलं नसतं. बास. आता बोल."

आणि पहिल्यांदाच ते खरोखर गप्प बसले. कांताबाईंचे दहा श्वास पूर्ण झाले.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "चपला घाला. रिक्षा बघा."

कार्यालयात पोचेपर्यंत पाच वाजून चार मिनिटं झाली होती. टेबलामागचा पंढरी नावाचा कारकून कपाटाला कुलूप लावत होता.

"मुदत संपली, मॅडम. यादी वर गेली."

कांताबाईंनी त्याच्या गळ्याखाली नजर रोखली. चौथ्या श्वासाला पंढरीने कुलपातली किल्ली उलटी फिरवली.

"म्हणजे जाईल. अजून टाइप व्हायचीय." तो थांबला. "खरं सांगू? सुरूच केली नाहीय. असं बघू नका ना मॅडम, द्या इकडे."

त्याने फॉर्मवर शिक्का मारला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथे, सामन्यात तुमच्या कोपऱ्यात कोण थांबणार, त्याचं नाव राहिलंय. फॉर्मवर नाव असलेले तुमचे सर त्या दिवशी दुसऱ्या रिंगमध्ये पंच आहेत, त्यामुळे घरचं माणूस चालेल. पाणी द्यायचं, टॉवेल धरायचा. फार लागलं तर टॉवेल आत टाकायचा, मॅच तिथेच थांबते."

"कोणीही टाकला तरी थांबते?" सीतारामांनी विचारलं.

"कोपऱ्यातल्याने टाकला तर."

"माझं लिहा," सीताराम तत्परतेने म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "नवऱ्यानेच थांबायला पाहिजे. जबाबदारी असते."

कांताबाई वळल्या आणि त्यांच्या शर्टाच्या पहिल्या बटणाकडे बघू लागल्या. पंढरी पेन उघडून थांबला.

दोन श्वासही झाले नाहीत.

"हो," सीताराम म्हणाले. "पहिल्याच मिनिटाला टाकणार होतो."

"भाऊ," कांताबाई पंढरीला म्हणाल्या, "प्रीती लिहा."