कुंचीतला वरवंटा

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. कीर्तनात मागे बसणारे श्रोते झोपायला आलेले असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी मागेच बसतो! आज एक आख्यान सांगतो. त्यात राजा आहे, सिंहासन आहे, गैरसमज आहेत आणि या सगळ्यांना पुरून उरेल एवढी माझी फजिती आहे.

माझं नाव बाळ. वय अडुसष्ट. नाव ठेवणाऱ्यांनी पुढचा विचार केला नव्हता. राहायला नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. घरात सौ. हेमा, मुलगा आमोद, सून कादंबरी आणि अडीच वर्षांची नात मैत्री. आयुष्यात मी दोन गोष्टी मनापासून केल्या. एक, बँकेतली नोकरी. नाही, ती मनापासून नव्हती. एकच केली. कीर्तनं ऐकली.

मैत्री क्रिबमध्ये झोपते. क्रिब म्हणजे चारही बाजूंनी कठडा असलेला पाळणा. फरक एवढाच की तो हलत नाही, किंमत ऐकून आपण हलतो. हे क्रिब कादंबरीने तिच्या ऑफिसातल्या रणजितला द्यायचं कबूल केलं होतं. रणजितच्या मुलाचं उद्या मांजरी गावात बारसं. आज दुपारी चारला रणजित टेम्पो घेऊन येणार होता.

आता मैत्रीला पलंगावर झोपायची सवय नको का लावायला? आमोद आणि कादंबरी महिनाभर तेच करत होते. म्हणजे पलंग आणला, त्यावर हत्तींची चादर घातली, हत्तींचे फोटो काढले आणि मैत्रीला पुन्हा क्रिबमध्ये ठेवलं.

"बाबा, मी रणजितला नाही म्हणून कळवते," कादंबरी म्हणाली. "ही पलंगावर पाच मिनिटं टिकत नाही."

"उद्या बारसं आणि आज नाही कळवणार? अगं, त्यांनी पाहुण्यांना सांगितलं असेल! दिलेला शब्द आहे. आज दुपारी तिला पलंगावर मी झोपवतो. कीर्तन करून!"

"कीर्तनात तुम्ही झोपता," हेमा म्हणाली. "ते दुसऱ्यांनाही लागू पडतं, असं कुठे लिहिलंय?"

"आज दुपारी झोपली तर क्रिब जाईल, बाबा. नाही झोपली तर राहील," कादंबरीने निकाल दिला आणि लॅपटॉप घेऊन ती आतल्या खोलीत मीटिंगला बसली.

मी मैत्रीला पलंगावर ठेवलं, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात झांजा घेतल्या. एवढ्यात हेमा दारातून म्हणाली, "अहो, पाळणा असा रिकामा ठेवू नये. नारळ तरी ठेवा त्यात."

घरात नारळ नव्हता. होता तो सकाळीच फोडून मी त्यातलं अर्धं खोबरं पोह्यांवर घेतलं होतं. पण देवाच्या बाबतीत मी हार मानणारा माणूस नाही. बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळासारखं पाळण्यात निजवतात की नाही? आमच्याकडचा वरवंटा मिक्सर आल्यापासून तेवढ्याच कामापुरता उरलाय. मी तो काढला, पुसला, त्याला मैत्रीची जुनी लाल कुंची बांधली आणि क्रिबमध्ये निजवून वर दुपटं घातलं. शास्त्र सांभाळलं गेलं! स्वतःवर इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो.

मग नमन केलं आणि पूर्वरंग सुरू केला. देह नाशवंत आहे, संसार पाण्यावरचा बुडबुडा आहे वगैरे. पूर्वरंगात भलेभले आडवे होतात. मैत्री उठून बसली.

"बुबला कुठे?"

"बुडबुडा नाही गं बाळा, तो दृष्टान्त आहे."

"दृत्तान्त कुठे?"

श्रोत्यांनी मध्येच प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी थेट उत्तररंगाला हात घातला. आख्यान मुद्दाम रचलं होतं. एका राजाने आपलं लाडकं सिंहासन आनंदाने सोडलं आणि तो मोठ्या रानात जाऊन गवतावर झोपू लागला. सिंहासन म्हणजे क्रिब, रान म्हणजे पलंग. आहे की नाही रूपक? मैत्रीचे डोळे जड झाले. माझा आवाज खाली आला. झांजा थांबल्या. आणि मग त्या जेमतेम तीन फुटी श्रोत्याने जांभई देत विचारलं,

"मग शिंहाशनावर कोण?"

इथे मी बुवांसारखं "विठ्ठल विठ्ठल" म्हणून गजर सुरू केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी खरं उत्तर दिलं!

"त्याचा धाकटा भाऊ बसला हो."

मैत्रीने मान वळवली. समोर क्रिब. क्रिबमध्ये दुपटं. दुपट्यातून डोकावणारी तिची लाल कुंची.

झोप कापरासारखी उडाली. पलंगाला कठडा नसतो, हा पलंगाचा मोठा दोष. मी उपरण्यातून हात सोडवेपर्यंत ती आतल्या खोलीत पोहोचलीसुद्धा.

"आई! भाऊ आला! माझ्या किबमधे झोपला!"

कादंबरीच्या लॅपटॉपवर बारा जण होते आणि माइक चालू होता.

मग लॅपटॉपमधून एकदम कल्ला उठला. "ओह माय गॉड! काँग्रॅच्युलेशन्स, कादंबरी!" "अरे, बताया नहीं!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कीर्तनात मला एकही टाळी मिळाली नव्हती, तिला फुकट मिळाल्या.

"नो, नो, ती काहीतरीच बोलतेय! गाइज, प्लीज!" कादंबरी ओरडली. पण अशा बाबतीत बाई नाही म्हणाली की लोकांना ते हो वाटतं. कशीबशी मीटिंग संपवून ती बाहेर आली. चेहरा कुंचीहून लाल.

"बाबा, क्रिबमध्ये काय आहे?"

"वरवंटा."

"का?"

याचं उत्तर शास्त्रात होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते मला सांगवेना. तेवढ्यात बेल वाजली. खाली गल्लीत टेम्पोमागे अडकलेल्यांनी हॉर्नचा अखंड नाद धरला होता.

दारात रणजित आणि त्याच्या आई, मथुराबाई. हातात साखरेची पुडी. आत येताच त्यांनी मुठीने साखर काढून थेट कादंबरीच्या तोंडात कोंबली.

"ऑफिसच्या ग्रुपवर आलं बघा," रणजित लाजत म्हणाला. "वाटेतच वाचलं."

"आता पाळणा न्यायचा न्हाय," मथुराबाई ठामपणे म्हणाल्या. "घरात लेकरू येणार हाय आन् पाळणा भायेर काढायचा? असं कुठं असतंय व्हय? ताई, तुम्ही तरी सांगायचं!" हे हेमाला.

"अहो, पण तसं काही नाहीये!" कादंबरी साखर गिळत म्हणाली.

"पयले तीन म्हैने असंच म्हणायचं असतंय, बाळ."

बाळ म्हटल्यावर मी सवयीने ओ दिली.

दिलेला शब्द माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता. उद्या बारसं, घेणारे न्यायला तयार नाहीत आणि खरं काय ते कुणी ऐकत नाही! आता पुरावाच हवा. मी क्रिबकडे धावलो, कुंचीसकट वरवंटा उचलला आणि सगळ्यांसमोर धरला. "हे बघा! हा आहे आमचा नवा पाहुणा! दगड आहे, दगड!"

"माझा भाऊ!" मैत्रीने किंचाळून कुंचीची नाडी ओढली. कुंची तिच्या हातात आली. वरवंटा माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. इतक्या वर्षांच्या श्रवणाने देह नाशवंत आहे हे मला पटलं होतं. अंगठ्याला मात्र अजिबात पटलं नाही. मी एका पायावर जे नाचलो, ते बघायला गल्लीतले हॉर्नसुद्धा थांबले असावेत.

आधी मथुराबाई हसल्या, मग रणजित, मग हेमा. ती हसताना डोळे पुसायला लागली की माझी धडगत नसते. शेवटी कादंबरीही हसली.

एकटी मैत्री तेवढी हसली नाही. ती खाली बसली होती आणि वरवंट्याला पुन्हा कुंची घालत होती. दोन्ही हातांनी, गाल फुगवून.

"भाऊ पडला," ती माझ्याकडे रागाने बघत म्हणाली. "आबांनी पाडला."

"मग त्याला परत क्रिबमधे ठेवू या का?" कादंबरीने जपून विचारलं.

मैत्रीने विचार केला. क्रिबकडे बघितलं, मथुराबाईंकडे बघितलं. "नको. त्या काकू नेतील त्याला."

आणि दोन्ही हातांनी वरवंटा छातीशी धरून, प्रत्येक पावलाला हुंकार देत, ती पलंगाकडे निघाली. कुणाला हात लावू दिला नाही. वर चढवण्यापुरती तेवढी आजी चालली. भाऊ भिंतीकडे, स्वतः कडेला. पहाऱ्यासाठी! त्याला थोपटता थोपटता ती पाच मिनिटांत गाढ झोपली. कीर्तन नाही, झांजा नाहीत, बुडबुडा नाही. माझी अख्खी तपश्चर्या एका दगडाने हाणून पाडली. देवाची करणी, दुसरं काय! तोही कामाचा माणूस निवडताना आधी माझ्याकडे बघून घेतो आणि मग दगड निवडतो.

क्रिब खाली उतरलं. मथुराबाईंनी आपल्या पिशवीतला नारळ त्यात ठेवला आणि टेम्पो मांजरीला गेला. शब्द पाळला गेला. मी अंगठ्याला हळद लावून, उपरण्याची घडी घालत, या यशात माझा वाटा किती हे हेमाला समजावून सांगत होतो, तोच दार उघडलं.

दारात आमोद. ऑफिस अर्ध्यावर टाकून आलेला. रणजितने आमच्याकडे येतानाच वाटेतून त्याला फोन करून अभिनंदन केलं होतं. एका हातात पेढ्यांचा मोठा पुडा, दुसऱ्या हातात मोगऱ्याचा गजरा, चेहऱ्यावर असा आनंद की मला त्याच्या लग्नातही दिसला नव्हता.

"कादंबरी! अगं, मला आधी सांगायचंस ना!"

कादंबरीने माझ्याकडे बघितलं. हेमाने माझ्याकडे बघितलं. सांगण्याचं काम आता कुणाचं, हे दोघींनी न बोलता ठरवलं होतं. मी तोंड उघडलं. आमोदने त्यात पेढा घातला. पेढा तोंडात असताना बोलू नये, म्हणून मी दुसरा घेतला.

तर श्रोतेहो, आज सांजेला देवापुढे दिवा लावाल तेव्हा माझ्या अंगठ्यासाठी काही मागू नका, तो बरा होतोय. आमच्या आमोदची तेवढी आठवण असू द्या. आता तो पेढे घेऊन खालच्या मजल्यावर गेलाय.