पहिल्या बाईंचं अभिनंदन

राष्ट्रीय सभागृहात निवडून आलेल्या पहिल्या महिला सदस्य पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, आणि त्यांना सभागृहात फक्त एक भाषण करायचं होतं. कामाच्या ठिकाणी त्यांच्या नणंदेवर जे बेतलं, ते पुन्हा कुणावर बेतू नये असा कायदा करून घ्यायचा, एवढ्यासाठीच त्यांनी निवडणुकीचा उपद्व्याप केला होता. भाषण तोंडपाठ होतं. भरल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाजही होता.

पहिल्या दिवशी बाई उठून उभ्या राहिल्या, तोच सभापतींनी घंटा वाजवली.

"या सभागृहात बोलायला उभ्या राहिलेल्या या पहिल्याच महिला. सदस्यांनी त्यांचं अभिनंदन करावं."

सदस्यांनी केलं. प्रत्येकाला आपली आई आठवली आणि प्रत्येकाने ती सविस्तर सांगितली. सरकार पक्षापेक्षा आपली आई कमी पडू नये, म्हणून विरोधकांनी वेळ वाढवून घेतला. मग कामकाज संपलं.

घरी नणंद भाजी चिरत बसली होती.

"बोललीस का गं वहिनी?"

"आज अभिनंदन झालं. उद्या बोलते."

दुसऱ्या दिवशी बाई अभिनंदनाबद्दल आभार मानायला उठल्या. तेव्हा आभार मानणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं पुन्हा अभिनंदन झालं. पुढे एकदा त्यांना शिंक आली, तेव्हा मात्र प्रकरण समितीकडे गेलं. समितीने तीन देशांचा अभ्यासदौरा करून ती शिंक ऐतिहासिक ठरवली.

शेवटी बाई थेट सभापतींच्या दालनात शिरल्या. "साहेब, मला मुद्द्याचं बोलायचंय."

"बाई, मुद्द्याचं कुणीही बोलेल," सभापती मायेने म्हणाले. "पहिल्या तुम्हीच आहात. ते सोडून भलतं काय घेऊन बसलात?"

बाईंचं डोकं फिरलं. भर सभागृहात त्या बसमधल्या आवाजात कडाडल्या, "गप्प बसा सगळे! मला बोलू द्या."

सभागृह चिडीचूप झालं. एवढी शांतता तिथे कुणी कधी पाहिली नव्हती. असा आवाज सभापतींच्या खुर्चीतच शोभतो, हे सर्वांना एकाच वेळी पटलं, आणि बाई एकमताने पहिल्या महिला सभापती झाल्या. त्या खुर्चीत बसल्यावर सचिवांनी वाकून कानात सांगितलं, की सभापतींना चर्चेत भाग घेता येत नाही.

त्या खुर्चीत बाईंचे केस पिकले. रोज संध्याकाळी विचारणाऱ्या नणंदेने पुढे विचारणं सोडलं, आणि ते बाईंना जास्त लागलं.

निवृत्तीच्या दिवशी आवारात त्यांचा पुतळा बसवला. शिल्पकाराने तोंड उघडं ठेवलं होतं. पावसाचं पाणी साचेल, म्हणून समितीने ते बुजवून घेतलं.

समारंभाला नणंदही आली होती. चौथऱ्यावरचा मजकूर तिने चष्मा लावून वाचला.

"पहिल्या उभ्या राहिल्या, पहिले आभार मानले, पहिल्या शिंकल्या. सगळं आलंय गं वहिनी. माझं काय झालं होतं, ते कुठंय?"

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

असो. नणंदेचं नेमकं काय झालं होतं हे तुम्हालाही कळलेलं नाही, वाचकहो, पण त्यात संकोच वाटून घेऊ नका. शिंकेपर्यंत आलात, हसलात, पुढे गेलात. सदस्यांनीही तेच केलं होतं. विचारायचंच असेल, तर नणंद घरीच असते.