स्टोयनाच्या बेकरीचे चार चौकोन

ज्या वर्षी त्सान्कोच्या थोरल्या नातवाचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी त्याचे दाजी रांगेल कुत्सारोव गुप्तहेर झाले. गाब्रोवोत जन्मभर पाण्याचे मीटर वाचून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बाप्तिस्म्याच्या जेवणात ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या गावात माझ्या नजरेतून टिपूसभर पाणी सुटलं नाही, तिथं गुन्हेगार काय सुटणार? अशी बुद्धी शतकातून एकदा जन्माला येते. या शतकाचं काम झालेलं आहे."

बाळाने जांभई दिली. त्सान्कोला मदतनीस नेमण्यात आलं, कारण गाडी त्याची होती.

ऑक्टोबरात पहिलं प्रकरण आलं. बेकरीवाली विधवा स्टोयना चीज भरलेली पापुद्रेदार बनित्सा भाजून विकायची; तिच्या दुकानात आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

"शुक्रवारी मोबाइलवाला येतोय, त्याच्या दुकानासाठी ही जागा बघायला," स्टोयना म्हणाली. "जर्मनीतला मुलगा म्हणतो, देऊन टाक. एकदा हो म्हटलं की भट्टी कायमची विझली, रांगेलभाऊ."

तिघे अंगणाच्या दाराने आत येऊन बसले होते. स्टोयना मागेच राहायची, तिची ये-जा तिथूनच. रांगेलनी नगरपालिकेच्या शिबिरात 'स्वॉट' नावाची विद्या शिकून घेतली होती. त्यांनी टेबलावरच्या पिठात बोटाने चार चौकोन आखले. बळ, उणीव, संधी, धोका.

"मार्ग तीन. भाव उतरवणं, पिझ्झा विकणं, नाहीतर मोबाइलवाला. एकेकाला चौकोनांतून पिळायचं. पिझ्झाचं बळ?"

"पोरं खातात," त्सान्को म्हणाला.

"उणीव?"

"मला येत नाही," स्टोयना म्हणाली.

"संधी, शिकता येईल. धोका?"

"आपल्याला चाखावा लागेल," त्सान्को म्हणाला.

भाव उतरवण्याचं बळ दांडगं होतं. स्वस्त म्हटलं की गाब्रोवोकर तापातून उठून येतो. उणीव एवढीच, की ऐकायला गिऱ्हाईक नव्हतं. मोबाइलवाल्याचं बळ लिहायला रांगेलनी बोट टेकलं, तशी स्टोयनाने त्याच जागी कणकेचा गोळा आपटला.

"दाजी," त्सान्को म्हणाला, "लोक का येत नाहीत, ते कुठल्या चौकोनात?"

"मेव्हण्या, मधे बोलू नकोस. ते टेहळणीतून कळतं."

रांगेल खिडकीच्या पडद्याआड बसले. माणसं दारापर्यंत यायची, थबकायची, टोपी काढायची, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि परत फिरायची.

"उपास," रांगेल म्हणाले. "बनित्सात चीज असतं."

"उपास ईस्टरआधी असतो, दाजी."

"मग करणी. पलीकडच्या बेकरीवाल्या मिन्चोने केलेली."

ते वेषांतर करून, म्हणजे त्सान्कोची टोपी घालून, मिन्चोकडे गेले आणि पाच बनित्सा खाऊन आले. करणीची चव लागली नाही. पैसे त्सान्कोने दिले.

"दाराच्या काचेवर बाहेरून कागद लावलाय. तो बघायचा का?" त्सान्कोने विचारलं. आतून त्याची कोरी पाठ दिसत होती.

"पाणीपट्टीची सूचना. जन्मभर वाटल्यात. मी पाठीवरून ओळखतो."

"म्हणून तर मी वाचली नाही," स्टोयना म्हणाली.

गुरुवारी शेजारची दोच्का डोळे पुसत अंगणातून आत आली. हातात चार कार्नेशनची फुलं. रांगेल पुटपुटले, "सम आकडा. सम फुलं मेलेल्याला देतात. मेव्हण्या, इथे कोणीतरी मेलंय."

दोच्काने भट्टीपाशी स्टोयनाला पाहिलं आणि ती पिठाच्या पोत्यावरच बसली.

"अगं, तू तर वारलीस ना?"

"कधी?"

"दारावर लावलंय की. फोटोसकट."

त्सान्को बाहेर जाऊन कागद सोलून घेऊन आला. स्टोयनाचा नवरा गेंचो याच्या दहाव्या स्मृतिदिनाचा तो कागद होता. असे कागद गावभर दारांवर लागतात. हा स्टोयनाच्या नणंदेने, रादकाने, जाता जाता चिकटवला होता. फोटो जोडप्याचा. छापखानेवाला बायकोला कापायचे वेगळे पैसे मागत होता, म्हणून रादकाने बायको राहू दिली. अक्षरं बारीक होती. लोकांना दोन चेहरे दिसले, आणि मेलेल्या माणसाच्या दुकानात शिरून बनित्सा मागायची कोणाची छाती झाली नाही.

"वन्संनी पैसे वाचवले," स्टोयना म्हणाली, "आणि मला पोचवलं."

"मी म्हणालोच होतो," रांगेल म्हणाले, "धोका बाहेरून येतो."

शुक्रवारी ती खरंच जिवंत आहे का, हे बघायला सगळी गल्ली लोटली. नुसतं बघून जायला लाज वाटते, म्हणून प्रत्येकाने काहीतरी विकत घेतलं. रांगेत मोबाइलवाल्याचा नंबर आला तेव्हा स्टोयनाने त्याला विचारलं, "किती देऊ?" तो दोन बनित्सा घेऊन गेला.

गेंचो राशेव या प्रकरणाच्या दहा वर्षं आधी, ऑक्टोबरात वारला होता. रांगेल कुत्सारोव या प्रकरणानंतर चार वर्षांनी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, झोपेत वारले. त्या दिवशी त्यांच्या दुखवट्यासाठी स्टोयनाची बेकरी खरोखर बंद होती.